पान न उलटणारे दोन पाहुणे

मी, ॲम्ब्रोज जॉन हॅलिवेल, वय वर्षे सदुसष्ट, राहणार कोम्बरी, परगणा डॉर्सेट, धंदा जमीनदारी, हे माझे शेवटचे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच टेबलाशी बसून, गुरुवार ता. ११ जून १८७४ रोजी लिहावयास घेत आहे. कोणी शिकवले म्हणून नव्हे आणि कोणी दरडावले म्हणूनही नव्हे. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे आजपासून रद्द समजावीत. माझे शरीर खंगले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे.

वीस वर्षे मॅजिस्ट्रेट म्हणून मी असले कितीतरी कागद पाहिले. बुद्धीबद्दलचे हे वाक्य प्रत्येकात असते आणि ते कोणी वाचीत नाही. मीही कधी वाचले नाही. आज ते लिहिताना माझी लेखणी थांबली, कारण मला भीती वाटते. ही भीती मरणाची नाही. मी जिवंत असतानाच मला वेडा ठरवतील, बंद गाडीत घालून नेतील, हा कागद वेड्याचा म्हणून चुलीत जाईल आणि माझ्या बहिणीला या जगात कुठेही छप्पर राहणार नाही, ही माझी भीती आहे. वाचणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे. पुढे मी कुठे अडखळलो, भलतीकडे गेलो, तर त्याला वेड म्हणू नये. मी घाबरलेलो आहे, एवढेच.

कलम पहिले. मला घराण्याच्या तळघरात पुरू नये. माझे वडील, आजोबा आणि माझी पत्नी मार्गारेट तिथे आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण त्या तळघराला लोखंडी दार आहे आणि त्याचे कुलूप बाहेरून लागते. चर्चच्या उत्तरेला जिथे मेंढ्या चरतात तिथल्या गवतात मला ठेवावे. त्याआधी तीन दिवस खिडकी उघडी ठेवून मला माझ्या खोलीत राहू द्यावे आणि मिसेस लोडर यांनी रोज सकाळी माझ्या नाकाशी आरसा धरावा. पाद्रीबुवा यावर हसतील. त्यांना हसू द्यावे.

कलम दुसरे. मिसेस सुझन लोडर या एकतीस वर्षे माझे घर सांभाळत आहेत. त्यांना तहहयात त्यांची दोन खोल्यांची जागा, वर्षाला साठ पौंड आणि मार्गारेटचा चहाचा चांदीचा संच द्यावा. या बाई १८४६ साली पूर्ण वर्षभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. नोकरी सोडली नाही, कामात कसूर केली नाही, पण "होय साहेब" आणि "नाही साहेब" यापलीकडे शब्द काढला नाही. एकदा मी चिडून विचारले, "मिसेस लोडर, तुमची जीभ कुठे गेली?" त्या म्हणाल्या, "आहे साहेब जाग्यावर. जपून ठेवलीय. आजकाल या घरात बोलणाऱ्या बायकांना गाडी येते." मी त्यांना काढून टाकायला हवे होते, तेवढी हिंमत झाली नाही. आता वाटते, बरे झाले.

कलम तिसरे. माझा एकुलता एक मुलगा लायोनेल याला दक्षिणेकडची तिन्ही शेते, गिरणी, लंडनचे घर, घोडे, बंदुका आणि तळघरातले सगळे पोर्ट मद्य द्यावे. ही मिळकत त्याला आयुष्यभर पुरेल. कोम्बरीवाचून त्याचे काही अडत नाही. त्याखेरीज गाडीखान्यातली हिरवी लोखंडी पेटीही त्यालाच द्यावी. तिच्यात एकतीस कुलुपे आहेत. दोन वर्षांपूर्वी मी सुताराला बोलावून घरातल्या प्रत्येक दाराचे कुलूप काढवले. दारात किल्ली फिरल्याचा आवाज मला सोसेना. मिठाच्या कपाटाचेसुद्धा काढले. लायोनेलच्या मते ही माझ्या बिघाडाची पहिली खूण आहे.

गेल्या ईस्टरला तो सपत्नीक आला होता. जेवण झाल्यावर माझ्या खुर्चीशी येऊन बसला आणि गोड आवाजात बोलू लागला.

"पपा, तुम्ही थकलात. एवढं मोठं घर, एवढी उस्तवार. समुद्राकाठी एक छान शांत जागा आहे."

"कसली जागा?"

"आराम करायची. डॉक्टर असतात, बाग असते. तुमच्यासारखेच सभ्य लोक असतात तिथं."

"दारं असतात का रे तिथं?"

तो हसला नाही. बायकोकडे बघून म्हणाला, "बघ, हे असंच चाललंय." ते वाक्य तिच्यासाठी नव्हते. साक्षीदार तयार करताना माणसे कशी बोलतात ते मी कोर्टात वीस वर्षे ऐकले आहे. त्या दिवसापासून मी त्याला घाबरतो. आपल्या पोटच्या मुलाला घाबरतो हे लिहायला लाज वाटते, पण मृत्युपत्रात लाजून चालत नाही.

कलम चौथे. चर्चमधले शेगडीजवळचे हॅलिवेल घराण्याचे बाक माझ्या पश्चात कोणत्याही परिस्थितीत कर्नल फिटनच्या बायकोला देऊ नये. तिने ते दोनदा मागितले आहे आणि एकदा तर मी आजारी असताना तिथे बसून पाहिले आहे. ते बाक मोलकरणींनी वापरावे. थंडी त्यांनाही वाजते.

कलम पाचवे. कोम्बरीचे घर, त्याच्या मागची फळबाग, भाजीची बाग, तबेला आणि रुळांच्या अलीकडे उरलेले कुरण हे सर्व मी माझी थोरली बहीण मिस लव्हिनिया हॅलिवेल हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिने ते विकावे, जाळावे, मांजरांच्या नावे करावे. तिच्यावर कोणी विश्वस्त नेमू नये. तिला विचारल्याशिवाय त्या घराला कुलूप लावू नये.

कलम सहावे. हे वाचताच लायोनेलचा वकील उभा राहून म्हणेल की अठ्ठावीस वर्षे वेड्यांच्या इस्पितळात असलेल्या बाईला जो घर देतो तो वेडाच असला पाहिजे. म्हणून कारण लिहितो.

आमचे वडील १८४६ च्या फेब्रुवारीत वारले. घर माझ्या नावाने ठेवले, पण समोरचे कुरण विकायचे झाल्यास आम्हा दोघांची सही लागेल असे त्यांनी लिहून ठेवले. त्या वर्षी सगळा देश रेल्वेच्या मागे लागला होता. कुरणातून रूळ न्यायला एक कंपनी तयार होती. मी सही केली, विनीने केली नाही. तिला मी लहानपणापासून विनीच म्हणतो. ती म्हणाली, "तिथं गावातल्या अठरा घरांच्या गाई चरतात. त्यांना तू काय चारणार आहेस, तिकिटं?"

मार्चभर आमचे भांडण चालले. एप्रिलमध्ये दोन डॉक्टर आले, एक लंडनचा आणि एक आमच्या तालुक्याचा. कायद्याप्रमाणे दोघांनी तिला वेगवेगळे पाहिले. तिच्या दाखल्यात लिहिले गेले की रोगी मधमाश्यांशी बोलते. दाराच्या किल्लीने त्यांच्या पोळ्यांच्या टोपल्यांवर टकटक करून त्यांना घरातल्या बातम्या सांगते. सांगितले नाही तर माश्या निघून जातील असे मानते. त्याखाली दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या. आत ठेवून घ्यावे या हुकमावर नातलगाची सही लागते, ती मी केली. अशा बाईची कुरणाच्या कागदावर सही लागत नाही, असे तेव्हाच्या वकिलाने सांगितले. डॉक्टरांनी दाखला दिला, कायद्याने वाट दाखवली. त्या दोघांवर विसंबून मी वागलो.

लार्चग्रोव्ह नावाच्या त्या खासगी इस्पितळात मी एकदाच गेलो, दुसऱ्या वर्षी. ती वरच्या खिडकीत उभी होती. केस कापलेले होते. तिने हात हलवला नाही की ओरडली नाही, नुसती बघत राहिली. मी घंटा न वाजवता परत फिरलो. त्यानंतर गेलो नाही.

कलम सातवे. आता मी आज हे का लिहितो ते सांगतो. परवा, मंगळवारी, दोन सद्गृहस्थ लायोनेलची चिठ्ठी घेऊन आले. मिस्टर फेल्प्स उंच आणि बोलके, मिस्टर कॉटरेल ठेंगणे आणि गप्प. चिठ्ठीत लिहिले होते की हे नेच्यांचे, म्हणजे फर्नचे, शौकीन आहेत, कोम्बरीच्या ओढ्याकाठचे नेचे त्यांना पाहायचे आहेत. सध्या निम्म्या इंग्लंडला नेच्यांचे वेड लागले आहे. पाद्री, बायका, निवृत्त कॅप्टन, सगळे टोपल्या घेऊन ओढ्यात पडलेले असतात. मला संशय आला नाही. मी स्वतः त्यांना खाली नेले.

नेच्यांचा शौकीन नवे झाड दिसले की पहिली एकच गोष्ट करतो: पान उलटे करतो. बिया म्हणा, बुरा म्हणा, जे काही ओळखायचे ते पानाच्या पाठीवर असते. मी त्यांना सात जाती दाखवल्या. दोघांनी एकही पान उलटले नाही. मिस्टर फेल्प्स प्रत्येक झाडाला "फारच सुंदर" म्हणाले आणि मग मला विचारले की झोप कशी लागते, आज तारीख कोणती, मला कोणी शत्रू आहेत का. मिस्टर कॉटरेल नेच्यांकडे बघतच नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते.

तिथेच ओढ्यात मी ओळखले. असेच दोघे जण १८४६ साली विनीला भेटायला म्हणून आले होते. एक "वडिलांचा जुना मित्र" होऊन आला होता. शनिवारी आम्ही पुन्हा येऊ, असे सांगून हे दोघे गेले. दाखल्याला अजून काहीतरी कमी पडत असणार.

परत येऊन मी वेडाचा कायदा काढला. तो मला पाठ आहे, तरी डोळ्यांनी पाहायचा होता. जो नातलग सही करून रोग्याला आत पाठवतो, त्याच्याच सहीने रोगी बाहेर येतो. एक ओळ पुरते. तो नातलग मेला किंवा स्वतःच वेडा ठरला, तर तो अधिकार पुढच्या नातलगाकडे जातो. म्हणजे लायोनेलकडे. आणि लायोनेल तिला कधीही सोडणार नाही, कारण ती बाहेर आली तर हे घर तिला मिळते.

मेलेल्या माणसाचे मृत्युपत्र कोणाला इस्पितळातून बाहेर काढीत नाही. हे कलम लिहिताना ते माझ्या ध्यानात आले. मी हे पान तसेच ठेवून दुसऱ्या कागदावर ती एक ओळ लिहिली, खाली सही केली आणि ती घेऊन मिसेस लोडर यांना दुपारच्या गाडीने लार्चग्रोव्हला पाठवले. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षांत एवढंच लिहायचं होतं होय, साहेब?"

कलम आठवे. शुक्रवार, १२ जून. विनी आज सकाळी घरी आली.

ही मिळकतीची वाटणी नव्हे हे मला कळते. तरी लिहितो, कारण ती शहाणी आहे की नाही याचा निवाडा वाचणाऱ्याने स्वतः करावा.

ती एकोणसत्तर वर्षांची आहे. हातात एक लहान पिशवी होती. पुढच्या दाराशी आली आणि आत पाऊल न टाकता दाराकडे बघत राहिली. कुलपाच्या जागी भोक आहे, त्यात तिने बोट घातले.

"कुलूप कुठं गेलं?"

"काढलं. सगळीच काढली."

"का?"

"सोसत नव्हतं."

"तुला?" ती म्हणाली. "तू कुठं कोंडला होतास रे, ॲम्ब्रोज?"

आम्ही भाजीच्या बागेत बाकावर बसलो, कारण तिला भिंतीच्या आत बसायचे नव्हते. मिसेस लोडर यांनी तिथेच चहा आणला आणि कप ठेवताना अर्धा चहा बशीत सांडला. विनीने बशीतला चहा पुन्हा कपात ओतला आणि प्याली. मी पाहुण्यांची हकीकत सांगितली. लपवून काय करणार होतो? एकदा मी वेडा ठरलो की माझी सुटकेची ओळही रद्द म्हणतील आणि तिलाही पुन्हा आत टाकतील.

ती मध्येमध्ये प्रश्न विचारू लागली आणि मला कळले की या विषयात माझ्याहून ती कितीतरी पटीने जाणती आहे.

"एक बोलतो आणि दुसरा हात बघतो. खरं ना?"

"हो."

"जेवायला राहिले होते?"

"नाही. शनिवारी राहणार आहेत."

"मग सुरी कशी धरतोस ते बघतील. मीठ किती घेतोस ते बघतील. आणि शत्रू कोण आहे विचारलं असेल."

"विचारलं."

"काय म्हणालास?"

"म्हणालो, माझा मुलगा."

तिने डोळे मिटले. "गाढवा! ते उत्तर तर ते घरून लिहूनच आणतात. तिथं येणारा प्रत्येक माणूस तेच म्हणतो, आणि निम्म्यांचं खरंही असतं."

मी रडलो. सदुसष्टाव्या वर्षी, कोबीच्या वाफ्यासमोर. मी म्हणालो, "विनी, मला फार भीती वाटते गं."

"वाटणारच," ती म्हणाली. "पहिली सहा वर्षं मलाही वाटायची. मग तिची सवय होते. तुला तेवढा वेळ नाही. रडणं आवर आणि सांग, ते कोण म्हणून आले आहेत?"

"नेच्यांचे शौकीन म्हणून."

"डॉक्टर म्हणून नाही?"

"नाही."

"मग झालं. ते तुझे पाहुणे आहेत. आणि यजमानाला कागदावर साक्ष हवी असली तर पाहुण्याकडे मागता येते, नाही का? जेवण होऊ दे. मग लेखणी पुढं कर. म्हण, सहीला दोन साक्षीदार हवेत, एवढी मेहेरबानी करा. साक्षीदार काय लिहून देतो?"

मी मॅजिस्ट्रेट होतो. मला आधी सुचायला हवे होते. "की सही करणारा शुद्धीवर आहे आणि शहाणा आहे," मी म्हणालो.

"आज शहाणा म्हणून सही केली की उद्या त्याच हाताने वेडा कसं लिहिणार?"

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर का नाही ते सांगावं लागेल. तुझ्या टेबलाशी बसून, तुझं मटण खाऊन, खोटं नाव सांगून आत शिरलो असं म्हणावं लागेल. कोण सद्गृहस्थ म्हणेल? मला न्यायला आले ना, तेव्हा गाडी दारात उभी होती आणि ते आधी चहा पीत बसले होते. त्यातला एक म्हणाला, केक छान झालाय. मी त्यांना साखर विचारली. मीही सद्गृहस्थाचीच मुलगी. आरडाओरडा केला असता तर कदाचित सुटले असते. पण पाहुण्यांसमोर कसं ओरडायचं?"

मी तिला विचारले, "तू मला माफ केलंस का?"

"मी तुला वाचवत नाहीये, ॲम्ब्रोज. हे घर वाचवतेय. आता तो कागद आण आणि मला वाचून दाखव."

मी हे मृत्युपत्र आणले आणि पहिल्यापासून वाचले. आरशाच्या कलमाला ती हसली, कर्नलच्या बायकोच्या कलमालाही हसली. सहावे कलम संपल्यावर म्हणाली, "डॉक्टरांवर विसंबून वागलास?"

मी पुढचे पान उलटू लागलो.

"तुला ठाऊक होतं. ते लिही. नाहीतर मला तुझं घर नको. मी उद्या सकाळच्या गाडीने जाईन."

"विनी, ते लिहिलं तर लायोनेल म्हणेल..."

"काय म्हणायचं ते म्हणेल. मी वेडी नव्हते हे एका तरी कागदावर असायला हवं. कोणाच्या तरी सहीनं. तुझ्या सहीनं."

कलम नववे. हे कलम माझ्या बहिणीने मागितले म्हणून लिहिले आहे, पण त्यातला शब्द न् शब्द माझा आहे आणि खरा आहे.

या परगण्यात घरचा धनी गेला की मधमाश्यांना सांगावे लागते. घराची मोठी किल्ली घ्यायची, प्रत्येक टोपलीवर तीनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "धनी गेले, आता अमुक धनी आहेत, तुम्ही राहा." टोपलीला काळी फीत बांधायची आणि मर्तिकाच्या जेवणातला केकचा तुकडा जवळ ठेवायचा. न्हावी करतो, सुतार करतो, पाद्रीबुवांची स्वयंपाकीण करते. आजोबा वारले तेव्हा मी स्वतः, वडिलांनी किल्ली हातात दिली म्हणून, अकराच्या अकरा टोपल्यांवर ठोकून आलो होतो. वडील वारले तेव्हा ते काम माझे होते. मी म्हणालो, मला वेळ नाही, वकील आला आहे. म्हणून विनीने केले. ती जे बोलली ते माझ्या बदली बोलली.

लंडनच्या डॉक्टरला ही रीत माहीत नव्हती. तो माणूस शहरातला, त्याने खरोखरच ते वेड मानले. पण तालुक्याचा डॉक्टर इथलाच होता. तिला पाहून झाल्यावर तो दालनात माझ्याजवळ आला. अजून सही केलेली नव्हती. म्हणाला, "हॅलिवेलसाहेब, ही माश्यांची रीत आमच्या आईचीसुद्धा होती. हे मी दाखल्यात घालू का? तुम्ही म्हणाल तसं."

त्याला नाही हा एकच शब्द हवा होता. मी तो बोललो असतो तर विनी त्या संध्याकाळी या घरात जेवली असती. मी कुरणाचा विचार केला. मी म्हणालो, "तुम्हांला जे दिसलं ते लिहा." तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने लिहिले. तो पुढच्या हिवाळ्यात दुसरीकडे राहायला गेला. त्याने मला पुन्हा कधी नमस्कार केला नाही.

मी, ॲम्ब्रोज हॅलिवेल, शपथेवर लिहितो की माझी बहीण लव्हिनिया १८४६ साली वेडी नव्हती, तेव्हा ती वेडी नाही हे मला ठाऊक होते, आणि पुढची अठ्ठावीस वर्षे रोज ठाऊक होते. एका ओळीत तिला सोडवता आले असते. मी ती ओळ लिहिली नाही, कारण ती परत आल्यावर माझ्याकडे बघेल याची मला भीती वाटत होती. दुसरे काही कारण नाही.

हे वाचून झाल्यावर ती म्हणाली, "शाई वाळू दे." आणि पहिल्यांदा घरात आली.

कलम दहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जोसाया रीव्ह, धान्याचे व्यापारी, यांनी करावी. हे क्वेकर पंथाचे, म्हणजे चर्चला न मानणारे आणि कोणापुढे टोपी न काढणारे गृहस्थ आहेत. चर्चचा कर भरत नाहीत म्हणून मी एकदा त्यांच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ जप्त करवले होते. ते कोर्टात टोपी न काढता उभे राहिले आणि मला म्हणाले, "मित्रा, घड्याळ ने, वेळ काही तुझी होणार नाही." तेव्हा राग आला होता. लायोनेलला, त्याच्या वकिलाला आणि खुद्द राणीलाही न घाबरणारा दुसरा माणूस मला या परगण्यात ठाऊक नाही. त्यांना ते घड्याळ परत द्यावे, माळ्यावर आहे.

शनिवार, १३ जून, दुपारी साडेबारा. माझी तारीख बरोबर आहे. विनीकडून दोनदा तपासून घेतली. आज जेवणाला भाजलेले मटण, नवे बटाटे आणि मटार आहेत. विनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, घरमालकिणीच्या जागी बसणार आहे. पाहुण्यांना ती माझी बहीण म्हणूनच माहीत होईल. मी सुरी उजव्या हातात धरीन, मीठ एकदाच घेईन आणि लायोनेलबद्दल विचारले तर चांगला मुलगा आहे म्हणेन. जेवणानंतर या कागदाची घडी अशी घालीन की फक्त सह्यांची जागा दिसेल. साक्षीदाराला आतला मजकूर वाचण्याचा हक्क नसतो.

फाटकातून गाडी आत आली. मला खडीवर चाके ऐकू येतात. हात कापतो, पण मी सही सावकाश करीन. देवा, तेवढा वेळ मला सांभाळ.

(सही) ॲम्ब्रोज जॉन हॅलिवेल

वरील सही श्री. हॅलिवेल यांनी आम्ही दोघेही एकाच वेळी हजर असताना आमच्या डोळ्यांदेखत केली. त्या वेळी ते शांत होते, पूर्ण शुद्धीवर होते आणि आमच्या मते शहाणे होते. त्यांच्या विनंतीवरून त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही साक्षीदार म्हणून सह्या करीत आहोत.

साक्षीदार पहिला: (सही) हेन्री फेल्प्स. राहणार लंडन. धंदा: डॉक्टर.

साक्षीदार दुसरा: (सही) विल्यम कॉटरेल. राहणार लंडन. धंदा: ~~नेच्यांचा अभ्यास~~ वेडाचे डॉक्टर. वि. कॉ.

स्थळ: कोम्बरी, जेवणाची खोली. शनिवार, ता. १३ जून १८७४, दुपारचे सव्वातीन.

खोडाखोडीबद्दल खुलासा: दुसऱ्या साक्षीदाराने धंद्याच्या जागी आधी लिहिलेले शब्द स्वतःच्या हाताने खोडले, वर दुरुस्ती केली आणि शेजारी आद्याक्षरे घातली. मिस लव्हिनिया हॅलिवेल शेजारी दौत धरून उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "खरं तेच लिहा हं, साहेब. हा कायद्याचा कागद आहे. यावर माणसं आत जातात."